पाठीला ताण द्यायचा, पण कुठं आणि किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४२, शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात हिशेबाचं काम, दिवसाचे नऊ तास खुर्चीत, वर शिवाजी पेठेतून जाण्या-येण्याचा दुचाकीचा प्रवास. कॉलेजात असताना तालमीत जात होता, जोर-बैठका मारत होता, तेव्हा वाकल्यावर तळहात जमिनीला टेकायचे; आता बोटं नडगीच्या मधोमध अडतात. दोन महिन्यांपूर्वी मोबाइलवर एक व्हिडिओ बघून पहाटे साडेपाचला रंकाळ्याच्या काठावर पाय लांब करून बसलात, कपाळ गुडघ्याला लावायला गेलात आणि कंबरेत उसण भरली. चार दिवस बुटाची लेस बांधता येईना. आता दुखत नाही, पण पाठ धरल्यासारखी वाटते. ती पुन्हा मोकळी करायची आहे. कुठले ताण सुरक्षित, किती वेळ द्यायचे, किती दिवसांत फरक पडेल, आणि घरचे म्हणतात तशी पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाकडून पाठीत लाथ मारून घ्यावी का, हे तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापुरात २१ वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. तुमच्यासारखी पाठ मी रोज बघते, म्हणून मूळ मुद्दा आधीच सांगते. तुमची कंबर आखूड झालेली नाही. ती राखण करतेय. खुबे आणि छातीच्या मागची पाठ हलायची बंद झाली, त्यांचं वाकणं कंबरेच्या वाट्याला आलं, आणि एका पहाटे तिला ते झेपलं नाही. त्यामुळे कंबर ओढून ताणायची नाही. तिच्या वरचं आणि खालचं मोकळं करायचं, आणि कंबरेला नुसतं हळूहळू हलवत राहायचं.

आता त्या पहाटेचं बघू, कारण तिथं चूक आसनाची कमी आणि वेळेची जास्त होती. दोन मणक्यांच्या मधे गादी असते. दिवसभर आपण उभे-बसलेले असतो तेव्हा वजनाने तिच्यातलं पाणी हळूहळू पिळलं जातं. रात्री आडवे झालो की ती ते परत शोषून घेते आणि फुगते. म्हणूनच सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त भरते. त्यातली साधारण निम्मी उंची उठल्यानंतरच्या पहिल्याच तासात उतरते. गादी अशी टम्म असताना पुढं वाकलं की तिच्यावर आणि मागच्या बंधांवर येणारा ताण दुपारच्या मानाने कितीतरी जास्त असतो. १९९८ साली अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या लोकांवर एक अभ्यास झाला होता. त्यात त्यांना एवढंच सांगितलं होतं की उठल्यावर पहिले काही तास पुढं वाकायचं टाळा. तेवढ्याने दुखणं कमी झालं. तुम्ही अंथरुणातून उठून, थंड हवेत, अंग गरम न करता, पाय सरळ ठेवून बसलात आणि पाठीचा धनुष्यासारखा बाक करून जोर लावलात. पश्चिमोत्तानासन वाईट नाही. पण त्या वेळी, त्या अंगाने, त्या घाईने ते करायचं नव्हतं.

म्हणून पहिला नियम: पुढं वाकायचा कुठलाही व्यायाम उठल्यापासून किमान एक तास करायचा नाही. रंकाळ्याला खुशाल जा, पण तिथं चाला. ताण संध्याकाळी कामावरून आल्यावर द्या. सकाळीच वेळ मिळत असेल तर चालणं आणि अंघोळ उरकून मग.

पायाळूच्या लाथेबद्दल. आमच्या घरातही हे मानत होते, त्यामुळे मी हसून सोडून देणार नाही. उसण म्हणजे बहुतेक वेळा स्नायूंनी अचानक घट्ट पकडून धरणं. कंबरेच्या सांध्याला किंवा गादीच्या कडेला जरा इजा झाली की आजूबाजूचे स्नायू तो भाग हलूच देत नाहीत. हे आपोआप सुटतं, बहुतेकांचं काही दिवसांत ते दोन आठवड्यांत. त्या काळात आपण जो शेवटचा उपाय केला असेल त्याच्या नावावर बरं होणं जमा होतं. लाथ, पाठ तुडवून घेणं, कंबर कडाकडा मोडून घेणं हे सगळं त्यात आलं. तरुण, धडधाकट माणसाचं यातून निभावूनही जातं. पण माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, नातवाने प्रेमाने पाठ तुडवून दिली होती. हाडं ठिसूळ होती, मणका दबला होता. तीन महिने त्या पट्ट्यात होत्या. त्या नातवाचा चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हा लाथ नको, तुडवणं नको, आणि व्यायाम करताना कुणी मागून पाठ दाबणंही नको. तुमच्या पाठीला किती जायचं हे आतून फक्त तुम्हाला कळतं, दाबणाऱ्याला कळत नाही.

व्यायाम सुरू करण्याआधी स्वतःला काही प्रश्न विचारा आणि खरी उत्तरं द्या. लघवी अडते किंवा नकळत होते का? शौचावरचा ताबा सुटलाय का? दोन मांड्यांच्या मधली, सायकलच्या सीटवर टेकते ती जागा बधिर वाटते का? एक पाऊल चालताना खाली लोंबतं, चप्पल निसटते का? यातलं काही असेल तर हे वाचत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलात जा. मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आल्याची ती लक्षणं आहेत आणि तिथं तासांचा हिशेब असतो. ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी झालेला कॅन्सर, अलीकडचा अपघात किंवा पडणं, बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या, रात्री कुठल्याच कुशीवर न थांबणारं दुखणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. तुमच्या लिहिण्यात यातलं काही दिसत नाही. पायात जाणारी कळ किंवा मुंग्याही तुम्ही सांगितलेल्या नाहीत. यातलं काहीच नाही असं धरून पुढचं लिहिते.

आता पाठ मुळात हलते कुठं, हे समजून घ्या. हे एकदा कळलं की कुठला व्हिडिओ ऐकायचा आणि कुठला नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. कण्यात हलणारे मणके २४: मानेत ७, छातीच्या मागे १२, कंबरेत ५. कंबरेच्या मणक्यांचे सांधे पुढं-मागं वाकण्यासाठी घडलेले आहेत, पिळण्यासाठी नाहीत. पाचही मिळून एका बाजूला जेमतेम ५ ते १० अंश वळतात. छातीच्या मागचे बारा मिळून ३० ते ३५ अंश वळू शकतात. म्हणजे मागं वळून बघायचं काम मुख्यतः बरगड्यांच्या पातळीवर आणि खुब्यांत व्हायला हवं. खुर्चीत नऊ तास पोक काढून बसलेल्या माणसाची नेमकी हीच जागा लाकडासारखी होते. मग तो वक्रासनात गुडघ्याला हाताचा अडसर लावून अंग पिळतो, आणि तो सगळा पीळ बिचाऱ्या कंबरेत जातो.

पुढं वाकण्याचंही तसंच. जमिनीला हात लावताना अर्ध्याहून जास्त वाकणं खुब्यातून यायला हवं. मांडीच्या मागचे स्नायू ताठ असतील तर ओटीपोटाचं हाड पुढं झुकतच नाही, ते मागून ओढून धरलेलं असतं. उरलेलं सगळं कंबर वाकून भरून काढते. तुमची बोटं नडगीवर अडतात, ती पाठीमुळे की मांडीमुळे? घरी पाहा. उताणे झोपा, एक पाय जमिनीवर सरळ, दुसरा गुडघा न वाकवता हळू वर उचला. साधारण ७० अंशांच्या वर गेला तर मांड्या बऱ्या आहेत. ४५-५० लाच थरथरायला लागला तर अडचण तिथं आहे. मला तरी तुमच्या बाबतीत तेच दिसेल असं वाटतं.

हात जमिनीला टेकणं हीच मोकळ्या पाठीची खूण, हा समजही सोडा. हुपरीचे एक चांदी कारागीर माझ्याकडे यायचे. तीस वर्षं मांडी घालून, मान खाली घालून काम. वाकायला सांगितलं तर तळहात सहज फरशीला. तरी पाठ ठणकायची. कारण पुढं वाकणं त्यांना हवं तेवढं होतं. मागं जाणं आणि वळणं मात्र पार गेलं होतं. त्यांना मी पुढं वाकायचा एकही व्यायाम दिला नाही. पोटावर झोपून छाती उचलायला आणि कुशीवर झोपून वळायला लावलं. कुणाची कुठली बाजू बंद आहे हे न बघता सगळ्यांना एकच ताण द्यायचा, हे मला पटत नाही.

ताण दिल्यावर नेमकं काय होतं, तेही थोडक्यात सांगते. पहिल्या काही आठवड्यांत जो फरक पडतो तो स्नायू लांब झाल्यामुळे नसतो. मज्जासंस्था तेवढ्या ताणाला घाबरायची थांबते, म्हणून पुढं जाता येतं. म्हणून तर दात-ओठ खाऊन ओढलेला ताण उलटतो. दुखलं की मज्जासंस्थेला वाटतं धोका आहे, आणि ती आणखी घट्ट धरते. ताणाला शून्य ते दहा गुण द्यायचे ठरवले तर तीन-चारवर थांबा. श्वास अडकला, जबडा आवळला, खांदे कानाकडे गेले, तर तुम्ही पुढं गेलात. मागं या. हिसके नकोत. वेळेचं म्हणाल तर १९९४ साली मांडीच्या मागच्या स्नायूंवर झालेल्या एका अभ्यासात १५, ३० आणि ६० सेकंद ताण धरणाऱ्या गटांची तुलना केली होती. १५ पेक्षा ३० सेकंद सरस निघाले, पण ३० आणि ६० मध्ये फरक दिसला नाही. तेव्हा ३० सेकंद, शांत पाच-सहा श्वास. तेवढं दोन-तीनदा केलं की पुरे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. जमिनीवर सतरंजी किंवा घोंगडं टाका. पलंगावर नको, गादीत अंग रुततं. आधी घरातल्या घरात पाच मिनिटं चाला.

सुरुवात मार्जारासनाने. हात-गुडघ्यांवर या, हात खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली. श्वास सोडत पाठ छताकडे गोल करा, घेत पोट हळू खाली सोडा. शेवटच्या टोकाला थांबून दाबायचं नाही. दाराच्या बिजागरीत तेल घातल्यावर आपण दार पुढं-मागं हलवतो ना, तसं. सहा-आठ वेळा बस. हा ताण नाही, कंबरेला दिलेला धीर आहे. उसण भरून गेलेल्या माणसाला मी याच्याशिवाय पुढं जाऊ देत नाही.

मग उताणे झोपा, दोन्ही गुडघे वाकवून पाय जमिनीवर. एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे आणा, मांडीच्या मागून धरा, डोकं खालीच. ३० सेकंद. मग दुसरा. दोन्ही एकदम आणून पाठीवर झोके घेणं सध्या नको.

तसंच झोपलेले असताना मांडीच्या मागच्या स्नायूंचं काम करा. एका पायाच्या तळव्याला पंचा अडकवा, दुसरा गुडघा वाकलेलाच ठेवा, आणि पंच्याने पाय वर आणा. गुडघा किंचित मुडपलेला राहिला तरी चालेल. ताण मांडीच्या मधोमध यायला हवा. तो गुडघ्याच्या मागं, पोटरीत किंवा तळव्यात झिणझिण्यांसारखा गेला तर तुम्ही स्नायू ताणत नाही, शीर ताणताय. इथं शीर म्हणजे मज्जातंतू, आणि तो ओढलेला त्याला खपत नाही. पाय खाली घ्या, पाऊल सैल सोडा. ज्यांना पायात कळ जाते त्यांनी हा व्यायाम स्वतःच्या मनाने करूच नये. आडव्याने करण्याचा फायदा असा की पाठ जमिनीला टेकलेली राहते, ती वाकूच शकत नाही. तुम्ही रंकाळ्यावर जे मिळवायला गेला होता ते इथं कंबरेला धक्का न लावता मिळतं.

खुर्चीवाल्यांनी ज्याच्याकडे कधीच लक्ष दिलेलं नसतं तो भाग म्हणजे खुब्याच्या पुढची बाजू. नऊ तास बसून तिथले स्नायू आखडतात आणि उभं राहिल्यावर कंबरेला पुढून ओढतात. संध्याकाळी गाडीवरून उतरल्यावर ताठ व्हायला चार पावलं लागतात, त्यात या आखडण्याचाही हात असतो. उजवा गुडघा उशीवर टेका, डावं पाऊल पुढं, दोन्ही गुडघे काटकोनात. आता पुढं झुकायचं नाही. इथं सगळे चुकतात, कंबर मागं वाकवून छाती पुढं काढतात आणि ताण आला म्हणतात. तसं नको. माकडहाड खाली आणि आत घ्या, उजवा कुल्ला आवळा, पोट किंचित आत. शरीर जेमतेम दोन बोटं पुढं जाईल आणि मांडीच्या वरच्या टोकाला पुढून खोल ताण जाणवेल. ३० सेकंद. मग बाजू बदला. तुम्हाला एकच व्यायाम करायला वेळ असेल तर मी हाच करा म्हणेन.

आता वरची पाठ. अंगावर घ्यायची चादर किंवा दोन पंचे घट्ट गुंडाळून मनगटापेक्षा थोडी जाड वळकटी करा. ती खांद्याच्या फऱ्यांच्या खालच्या टोकाखाली आडवी ठेवून उताणे झोपा, गुडघे वाकलेले, हातांनी डोकं धरलेलं. श्वास सोडत डोकं आणि खांदे वळकटीवरून मागं जाऊ द्या, बरगड्या फुलू द्या. तीन-चार श्वास. वळकटी दोन बोटं वर सरकवा, पुन्हा तेच. कंबरेखाली वळकटी कधीही घ्यायची नाही. मग कुशीवर वळा, गुडघे पोटाकडे घेऊन एकावर एक, दोन्ही हात समोर जोडलेले. वरचा हात पान उलटावं तसा मागं उघडत न्या, नजर हाताबरोबर. गुडघे एकमेकांवरून सुटता कामा नयेत, ते सुटले की पीळ कंबरेत गेला. सहा वेळा, दोन्ही कुशींवर. पहिल्या आठवड्यात हात हवेतच लोंबेल. तो खाली दाबू नका, त्याच्या वजनाने तो येतो.

शेवटी पोटावर झोपा, कोपरं खांद्यांखाली टेकून छाती उचला. भुजंगासनाची ही निम्मी पायरी. कुल्ले सैल, पोट जमिनीवर. एक-दोन मिनिटं तसेच राहा. या स्थितीमागं एक खरी गोष्ट आहे. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठ आणि पाय दुखणारा एक रुग्ण आला. त्याला आत जाऊन पोटावर झोपायला सांगितलं. टेबलाचं डोक्याकडचं टोक आधीच्या रुग्णासाठी वर उचललेलं होतं, ते खाली करायचं राहून गेलं होतं. तो तसाच, पाठ मागं वाकलेल्या अवस्थेत काही मिनिटं पडून राहिला. मॅकेन्झी आत आले तेव्हा हादरलेच, कारण त्या काळी असं वाकवणं धोक्याचं मानत. पण रुग्ण म्हणाला, पाय दुखायचा थांबलाय. त्यातून पुढं एक उपचारपद्धती उभी राहिली आणि आमच्या कामाला एक फार उपयोगी खूण मिळाली. व्यायाम करताना पायातलं दुखणं वर सरकून कंबरेत गोळा होत असेल तर, कंबर थोडी जास्त दुखली तरी, दिशा बरोबर आहे. कंबरेतलं दुखणं खाली कुल्ल्यात, मांडीत, पोटरीत उतरायला लागलं तर दिशा चुकतेय. थांबा. ही खूण या एका व्यायामापुरती नाही, वरच्या सगळ्यांना लावा.

एवढं सगळं मिळून वीस मिनिटं होतात. आठवड्यातून पाच दिवस पुष्कळ झालं. शवासनात दोन मिनिटं पडून उठायचं, आणि उठताना कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन. सरळ झटक्यात उठून बसायचं नाही.

काय करू नका, तेही सांगते. हलासन, उभ्याने हिसके देत अंगठे पकडणं, हाताचा अडसर लावून पिळणं, उलटं लटकणं, हे पुढचे दोन-तीन महिने बाजूला ठेवा. कंबर मोडून कट्ट आवाज काढायची सवय असेल तर तीही. आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा असतो. मणका जागेवर बसल्याचा तो पुरावा नाही.

तुमच्यासाठी लिहिलेलं घरातले इतर लोकही करायला लागतील, म्हणून त्यांच्यापुरतं. आईचं वय साठीच्या पुढं असेल, उंची कमी झाली असेल, पाठीला पोक आला असेल, तर पुढं वाकण्याचे व्यायाम त्यांना देऊ नका. १९८४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने हाडं ठिसूळ झालेल्या ५९ बायकांचा अभ्यास मांडला होता. पुढं वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के जणींना मणक्यांचे नवे दबाव-फ्रॅक्चर दिसले, पाठ मागं ताठ करण्याचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्के. अभ्यास लहान होता, पण आकडे एवढे बोलके आहेत की मी ते कधी नजरेआड करत नाही. आईंना पोटावर झोपून किंवा भिंतीला पाठ लावून ताठ होण्याचे व्यायामच योग्य, आणि तेही एकदा हाडांची तपासणी करून.

वडिलांना बिंदू चौकातून महाद्वार रोडपर्यंत चालताना पाय जड होतात, बधिर होतात, आणि कट्ट्यावर टेकून पुढं वाकलं की बरं वाटतं, असं असेल तर गोष्ट उलटी. मणक्यांतली नळी अरुंद झाल्याची ती लक्षणं असू शकतात. त्यांना कोपरांवर उठून पाठ मागं वाकवणं त्रास देईल, गुडघे छातीकडे घेणं सोसेल. आणि घरात विशी-तिशीतला कुणी सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेला असेल, हिंडल्याफिरल्यावर मोकळा आणि आराम केल्यावर जास्त ताठ होत असेल, तर त्याला स्ट्रेचिंग शिकवत बसू नका. संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. मणक्यांचा तो दाहक आजार वर्षानुवर्षं 'पाठ आखडली' या नावाखाली लपून राहतो. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी करणाऱ्या किंवा कुस्ती खेळणाऱ्या पोराची कंबर मागं वाकल्यावर एका बाजूला दुखत असेल तर मणक्याच्या कडीला तडा गेलाय का ते बघून घ्या. तोवर त्याचं मागं वाकणं बंद.

परत तुमच्याकडे. वीस मिनिटांचा व्यायाम नऊ तासांच्या बसण्याला पुरा पडणार नाही. मार्च अखेरीला तुमच्या कामात मान वर करायला फुरसत नसते, हे मला माझ्याकडे येणाऱ्यांवरून ठाऊक आहे. तरी दर अर्ध्या-पाऊण तासाने एकदा उठाच. पाणी आणायला, फाइल द्यायला, फोनवर बोलायला. उभे राहून हात कंबरेवर ठेवून तीन-चार वेळा अलगद मागं जा, बसा. अर्धं मिनिट लागतं. पाकीट मागच्या खिशात ठेवून बसत असाल तर ते काढा. गाडीवर खड्डा दिसला की कुल्ले सीटवरून किंचित उचला, धक्का गुडघ्यांना घेऊ द्या. फुगलेल्या गादीवर सकाळी-सकाळी तो आदळायला नको.

आणि वाकायचं कसं, हे कंबरेला नव्याने शिकवा. एक काठी पाठीवर उभी धरा, अशी की ती डोक्याच्या मागं, खांद्यांच्या मधे आणि माकडहाडावर, तिन्ही जागी टेकेल. आता गुडघे किंचित सैल ठेवून कुल्ले मागं नेत पुढं झुका. तिन्हीपैकी एकही जागा सुटली तर वाकणं पाठीतून झालं. सुरुवातीला तुम्ही जेमतेम २०-३० अंश झुकाल. मांड्या मोकळ्या होत जातील तसे पुढं जाल. आमच्याकडे काठी नव्हती तेव्हा मी छत्री वापरली आहे. घागर उचलताना, गाडी स्टँडवर लावताना, मुलाला उचलताना हेच वाकणं वापरायचं. ताण देऊन मोकळं झालेलं अंग वापरात आणलं नाही तर ते पुन्हा बंद होतं. जोडीला कंबरेभोवतीच्या स्नायूंची ताकद हवी. तिसऱ्या आठवड्यापासून सेतुबंधासन (उताणे झोपून, गुडघे वाकवून कुल्ले वर उचलणं) दहा-दहाचे दोन फेरे आणि हात-गुडघ्यांवरून विरुद्ध हात-पाय उचलून दहा सेकंद धरणं, एवढं वाढवा. लवचिक पण दुबळी कंबर आखडलेल्या कंबरेइतकीच दगा देते.

किती दिवस? धरल्यासारखं वाटणं दोन-तीन आठवड्यांत सैल पडायला हवं. पाय उचलण्याची चाचणी आणि काठीचं वाकणं यात मोजता येईल असा फरक सहा ते आठ आठवड्यांत. दर रविवारी संध्याकाळी, एकाच वेळी मोजा. सकाळचं आणि संध्याकाळचं माप एकमेकांशी ताडून बघू नका. व्यायामानंतरचा हलका ठणका दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गेला पाहिजे. तो राहिला तर आदल्या दिवशी जास्त झालं होतं, निम्मं करा, बंद करू नका. सहा आठवडे नेमाने करून काहीच हललं नाही तर जवळच्या फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा. मी इथून तुमची पाठ बघू शकत नाही.

तालमीची आठवण तुमच्या प्रश्नात होती, म्हणून जोराबद्दल लिहिते. जोर हा पाठीसाठी फार सुंदर व्यायाम आहे. कुल्ले वर असताना खुबे वाकतात आणि मांडीच्या मागचे स्नायू लांब होतात, अंग खालून घासत पुढं गेलं की छाती उघडते, खुब्याची पुढची बाजू मोकळी होते. वर सांगितलेलं जवळजवळ सगळं त्या एका लाटेत आहे. पण तुमचं अंग आता विशीतलं नाही आणि मधे उसण भरून गेली आहे. काठीचं वाकणं ६० अंशांपर्यंत गेलं आणि कोपरांवरची स्थिती दोन मिनिटं विनात्रास जमली की संध्याकाळी पाच जोर मारा, छाती वर आल्यावर कंबर पूर्ण खाली न सोडता. दुसऱ्या दिवशी सकाळी काही जाणवलं नाही तर एक दिवस सोडून पुन्हा पाच. दर आठवड्याला दोन वाढवा. वस्तादांना उसण भरल्याचं आधी सांगा, आणि मातीत उतरून जोड धरायचं निदान तीन महिने तरी नको.